आधी पाणी बनतं, मीठ नंतर

आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी, हे समीकरण शाळेत सगळ्यांनीच घोकलंय आणि त्यातून डोक्यात पक्कं बसतं ते असं की रिअॅक्शनमधून मुख्य काय निघतं तर क्षार, पाणी आपलं सोबत येतं. मला हे खटकतं, कारण प्रत्यक्षात उलटं आहे.

हायड्रोक्लोरिक अॅसिड पाण्यात गेलं की लगेच सुटं होतं, हायड्रोजन आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण) वेगळा, क्लोराइड वेगळा. सोडियम हायड्रॉक्साइडचंही तेच. दोन्ही द्रावणं एकत्र ओतली की हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड भेटतात आणि पाणी होतं, बस्स. सोडियम आणि क्लोराइड आधीही मोकळे फिरत होते, नंतरही मोकळेच, पाणी आटवाल तेव्हा कुठे ते एकमेकांना धरून मिठाचे स्फटिक बनवतात.

ओतताना दिसत काहीच नाही, ना बुडबुडे ना रंग, फक्त भांडं कोमट लागतं. 1 मोलर ताकदीची (म्हणजे लिटरमागे 1 मोल, आणि मोल म्हणजे कणांची एक ठरलेली मोठी संख्या) दोन्ही द्रावणं सारखी घेतली तर तापमान साधारण 6-7 अंशांनी चढतं. आता नायट्रिक अॅसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेऊन बघा, क्षार पूर्ण वेगळा, पण उष्णता जवळपास तेवढीच, पाण्याच्या प्रत्येक मोलमागे 57 किलोजूलच्या आसपास. कारण घडतंय तेच, पाणी बनतंय!

आणि हे बनतं किती झटपट! हायड्रोजन आयन पाण्यात एकटा हिंडत नाही, तो पाण्याच्या रेणूला चिकटलेला असतो, तो रेणू आपल्याकडचा एक प्रोटॉन (हायड्रोजन आयन म्हणजे प्रोटॉनच) शेजारच्याला देतो, शेजारचा स्वतःकडचा वेगळाच प्रोटॉन पुढच्याला देतो, म्हणजे आग विझवायला रांगेत उभं राहून बादल्या हातोहात सरकवाव्यात तसं, माणसं जागेवरच आणि बादली पुढे. म्हणून विजेच्या क्षेत्रात हायड्रोजन आयन सोडियमपेक्षा जवळजवळ 7 पट वेगाने सरकतो. पाण्यातल्या सगळ्यात वेगवान रिअॅक्शन्सपैकी ही एक, जर्मन रसायनशास्त्रज्ञ मानफ्रेड आयगेन यांनी असले वेग मोजायची पद्धत काढली आणि 1967 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

हे कळलं की 'अल्कलाइन वॉटर प्या, शरीरातलं अॅसिड घालवा' या जाहिरातींचा फोलपणा लगेच दिसतो. पीएच हे आम्लतेचं माप, 7 म्हणजे तटस्थ, त्याखाली आम्लधर्मी, वर अल्कलाइन. पीएच 9 च्या लिटरभर पाण्यात जितके हायड्रॉक्साइड आयन असतात त्याच्या हजारपट हायड्रोजन आयन पीएच 2 च्या लिटरभर जठररसात असतात, आणि रक्ताचा पीएच तर बायकार्बोनेट, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून 7.35 ते 7.45 मध्ये धरून ठेवतात, त्याला बाटलीची गरज नाही.

अजून एक, क्षार म्हणजे पीएच 7 असंही समजू नका. अमोनियम क्लोराइडचं द्रावण किंचित आम्लधर्मी असतं, कारण अमोनियम आयन थोडे प्रोटॉन पाण्याला देत राहतो. सोडियम अॅसिटेटचं उलट, अॅसिटेट आयन पाण्याकडूनच प्रोटॉन काढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो.