गंज निघावा, लोखंड राहावं

गोव्यातला चिरा म्हणजे जांभा दगड, डिचोली-सांगेकडच्या डोंगरातलं खनिज आणि पावसाळ्यानंतर पडवीतल्या कोयत्यावर चढलेला थर, या तिघांचा तांबूस रंग एकाच घरातला आहे. तिन्ही ठिकाणी लोखंड ऑक्सिजनला बांधलेलं असतं. खाणीतल्या हेमेटाइट या लोहखनिजातून भट्टीत ऑक्सिजन हुसकावला की लोखंड मिळतं, आणि ओल लागली की ते लोखंड हळूहळू परत जायला निघतं. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याने जहाजं भरभरून हे खनिज जपानला पाठवलं. त्या खनिजासाठी मांडवी आणि झुआरीतून ये-जा करणाऱ्या बार्जेसचे पत्रे मात्र इथल्याच खाऱ्या पाण्यात गंजत राहिले.

गोव्यात गंज इतका जोरात का, याचं कारण नुसता पाऊस नव्हे. वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो हे खरं, पण पाऊस निदान लोखंड धुऊन तरी काढतो. खरा घात वाऱ्यावरचं मीठ करतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठही हवेतलं पाणी ओढून विरघळतं. त्यामुळे किनाऱ्याजवळ घरात ठेवलेलं अवजारही पाण्याचा थेंब न लागता ओलं राहतं. मिठातले क्लोराइड लोखंडावरचं पातळ संरक्षक आवरण फोडतात आणि खड्डे पाडत आत शिरतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं.

गंज काढायच्या वाटा पहिल्यापासून दोनच: खरवडणं आणि आंबटात बुडवणं. खरवडायला नारळाचं सोडण, राख, वाळू, विटेची भुकटी. मध्ययुगीन युरोपात कड्यांची चिलखतं वाळू आणि व्हिनेगरसोबत पिंपात घालून गडगडवत. आंबटाच्या बाबतीत आपलं स्वयंपाकघर श्रीमंतच म्हणायला हवं. माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड असतं, चिंचेत टार्टारिक. परसातल्या बिंबलीत ऑक्सॅलिक ॲसिड भरपूर असतं आणि ते गंजातलं लोखंड पकडून पाण्यात उतरवतं. मलेशिया-इंडोनेशियात क्रिस नावाचे खंजीर स्वच्छ करायला हेच फळ वापरतात. हे रस सौम्य आहेत, वेळ घेतात, आणि माझ्या मते त्यांचा मोठेपणा त्या संथपणातच आहे.

गोव्याला लोखंडकामाची परंपरा जुनी. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा शहर घेतलं आणि पुढे पोर्तुगालच्या राजाला कळवलं की इथले बंदूक घडवणारे कारागीर बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे आहेत. बोहेमिया तेव्हा युरोपात या कामासाठी नावाजलेलं होतं. जुन्या गोव्याच्या शस्त्रागारात आणि गोदीत तोफा, नांगर, खिळे यांची देखभाल म्हणजे या हवेशी रोजचा झगडाच असणार.

युरोपात चित्र बदललं ते स्वस्त ॲसिडमुळे. त्याआधी कथिलाचा मुलामा देणारे कारागीर लोखंडी पत्रे आंबवलेल्या कोंड्याच्या पाण्यात दिवस-दिवस बुडवून साफ करत. 1746 मध्ये बर्मिंगहॅमला जॉन रोबकने शिशाच्या खोल्यांत सल्फ्युरिक ॲसिड बनवायला सुरुवात केली, आणि दिवसांचं काम तासांवर आलं. पुढे हायड्रोक्लोरिक ॲसिडही आलं. आजही कुणी न कुणी सांगतं, बाथरूम धुवायच्या ॲसिडमध्ये टाक, दहा मिनिटांत चकाचक होईल. होतं खरं. पण ते ॲसिड गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं, कडक पोलादात हायड्रोजन शिरून स्प्रिंगसारखे भाग ठिसूळ होतात, आणि खड्ड्यांत क्लोराइड मागे राहतात. ज्या क्लोराइडपासून सुटायचं तेच आपण आत कोंबतो. वर त्याच्या वाफेने शेजारची अवजारंही तांबूस होतात.

खरवडण्याच्या वाटेवर यंत्रं आली. 1870 मध्ये बेंजामिन टिल्घमनने वाळूच्या माऱ्याचं पेटंट घेतलं, मग कार्बोरंडम या कठीण पदार्थाची घासणारी चाकं, मग हातात धरायचे ग्राइंडर. जहाजाच्या तळाला किंवा बार्जच्या पत्र्याला सँडब्लास्टिंग योग्यच. पण माझ्या आजोबांची पटाशी मी एका वर्कशॉपमध्ये साफ करायला दिली, ती ग्राइंडर लावून परत आली. गंज गेला, त्याबरोबर लोहाराचा शिक्का गेला, आणि कड निळी पडली. पोलाद साधारण 300 अंशांच्या आसपास तापलं की असा निळा रंग चढतो आणि धारेचं पाणी उतरतं. त्या पटाशीला आता धार टिकत नाही. तेव्हापासून या विषयाचा इतिहास मी एकाच प्रश्नाने वाचतो: कुठल्या पद्धतीने किती लोखंड वाचवलं?

या प्रश्नाचं सर्वांत सुंदर उत्तर विजेने दिलं. 1824 मध्ये इंग्रज रसायनतज्ज्ञ हम्फ्री डेव्हीने जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त किंवा लोखंड जोडून दाखवलं: दुसरा धातू झिजतो, तांबं वाचतं. आज जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात, ते याच तत्त्वावर. 1888 मध्ये बर्लिनच्या राजेशाही संग्रहालयांनी प्रयोगशाळा काढून फ्रीडरिख राटगेन या रसायनतज्ज्ञाला नेमलं, आणि पुरातन धातूवस्तू विजेच्या मदतीने साफ करण्याला पद्धतशीर रूप आलं. धुण्याच्या सोड्याचं पाणी, ऋण टोकाला गंजलेली वस्तू, धन टोकाला भंगारातली लोखंडी पट्टी. इथे चांगलं लोखंड विरघळत नाही. गंज सैल होतो, त्याचा काही भाग काळ्या थरात बदलतो आणि ब्रशने निघतो. घरी बॅटरीच्या चार्जरवर हे जमतं, मात्र हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करायचं, आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, कारण त्यातलं विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. समुद्रातून वर काढलेल्या लोखंडी तोफांनाही हाच उपचार देतात, तोही महिनोन् महिने, आतलं मीठ पूर्ण निघेपर्यंत. गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची रीफवर दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पोर्तुगीज काळातल्या बुडालेल्या जहाजाचे अवशेष शोधले. अशा वस्तू पाण्याबाहेर काढून नुसत्या सुकवल्या तर तडकतात.

तिसरी वाट म्हणजे गंज न काढता त्याला बदलणं. 1906 मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस कॉस्लेटने फॉस्फोरिक ॲसिडच्या द्रावाचं पेटंट घेतलं. त्यातून लोखंडावर फॉस्फेटचा करडा थर बसतो आणि रंगाला पकड मिळते. गुप्तकाळातला दिल्लीचा लोहस्तंभ टिकला, त्यामागेही त्याच्या लोखंडातल्या जादा फॉस्फरसमुळे तयार झालेला थर आहे. अर्थात दिल्लीची कोरडी हवाही त्याच्या बाजूने होती. तो मिरामारच्या वाळूत उभा असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

गोव्यातल्या जुन्या मोटारींची गोष्टही गंजाचीच. 1955 नंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, पण खाणीचा पैसा होता आणि मुरगाव बंदर उघडं होतं. 1961 पर्यंत युरोपातल्या गाड्या इथे सहज उतरत. मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन गोव्याच्या रस्त्यांवर दिसत. अख्खी बॉडी विजेच्या साहाय्याने प्रायमरमध्ये बुडवण्याची पद्धत 1960 च्या दशकात रुळली, म्हणजे या गाड्यांना ते कवच मिळालंच नाही. म्हणून त्यांचा पत्रा आतून सडतो: दाराच्या खालच्या कडा, फ्लोअर, चॅसिसचे बंद भाग. वरून पुट्टी आणि रंग मारला की दोन पावसाळ्यांत फुगा येतो. आधी पत्रा उघडा करून गंज मुळापासून काढणं, मग प्रायमर, याला पर्याय नाही. जाम झालेले नट सोडवायला रॉकेल असायचंच. डब्ल्यूडी-40 हे तेलकट द्रावण 1953 चं, क्षेपणास्त्राच्या कवचावरून पाणी हटवण्यासाठी केलेलं. ते ओल पळवतं, नट सैल करतं, पण जुना गंज त्याने निघत नाही.

आता बहुतेक घरी चालणारा उपाय पुन्हा आंबटाकडेच वळला आहे. रसायनतज्ज्ञ शेलेने 1784 मध्ये लिंबाच्या रसातून सिट्रिक ॲसिडचे स्फटिक वेगळे केले. 1919 पासून ते बुरशीच्या मदतीने साखरेपासून कारखान्यात बनू लागलं, आणि आज वाण्याकडे लिंबूफूल म्हणून मिळतं. पाण्यात पाच टक्क्यांच्या आसपास विरघळवून अवजार एक रात्र बुडवायचं, सकाळी ब्रश मारायचा, सोड्याच्या पाण्यात धुवायचं. जास्त दिवस ठेवलं तर हेही लोखंड खातं, म्हणून अधूनमधून काढून बघायला हवं.

आणि धुतल्यावर लगेच पुसून, उन्हात किंवा चुलीजवळ तापवून तेल लावायचं. उघडं लोखंड इथल्या हवेत काही मिनिटांतच पिवळट पडतं. मी हे काम पौष-माघात काढतो, वारा कोरडा असताना.