लॅक्स्टन (नॉटिंगहॅमशायर)

लॅक्स्टन हे इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर काउंटीतलं छोटं गाव, नेवार्कच्या उत्तरेला, शेरवुडच्या जंगलापासून फार लांब नाही. जमीन लालसर चिकणमातीची, पाऊस झाला की पायाला गोळे चिकटतात अशी. गावाचं नाव निघतं ते एकाच कारणासाठी, ओपन फील्ड म्हणजे बिनकुंपणाच्या सामायिक शिवाराची मध्ययुगीन शेती इथे अजून चालू आहे, आणि ती काही टुरिस्टांना दाखवायला नाही, शेतकरी ट्रॅक्टर घालून खरंच पिकं काढतात.

पद्धत अशी. शिवारात तीन मोठी शेतं, वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. त्यात लांबट पट्टे पाडलेले, आणि एका शेतकऱ्याचे पट्टे तिन्हीकडे विखुरलेले, म्हणजे चांगली जमीन एकालाच आणि पाणथळ दुसऱ्याला असं होत नाही. दरवर्षी एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड, आणि पुढच्या वर्षी पाळी फिरते. एकट्याने वेगळं काही पेरायचं म्हटलं तर चालत नाही, सगळ्यांना एका तालात राहावं लागतं. मधेमधे जे उतार किंवा ओलसर भाग नांगरता येत नाहीत तिथे गवत राखतात, त्याला सायक म्हणतात.

पट्ट्यांमध्ये कुंपण नाही, त्यामुळे आपल्याकडे ज्याला बांध कोरणं म्हणतात तो प्रकार तिथेही आलाच, नांगर फूटभर शेजाऱ्याकडे सरकला किंवा सायकच्या गवतात घुसला की झालं. त्यावर इलाज म्हणजे कोर्ट लीट, गावचं जुनं स्थानिक न्यायालय. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातल्याच शेतकऱ्यांची ज्युरी नुकताच गहू पेरलेल्या शेतात फिरते, हद्द पुसट झाली असेल तिथे लाकडी खुंट्या ठोकते आणि कोणी किती आत घुसलंय ते टिपून घेते. मग आठवड्याभराने कोर्ट भरतं ते गावच्या डव्हकोट इन या पबमध्ये. दंड किरकोळच असतो, पण सगळ्या गावासमोर नाव वाचलं जातं हीच खरी शिक्षा असं मला तरी वाटतं. गंमत वाटेल पण हे नुसतं नाटक नाही, १९७७ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या अशा जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले तेव्हा लॅक्स्टनचं तेवढं राहू दिलं.

इतिहास जुना आहे. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, गावाची नोंद सापडते. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या मातीच्या किल्ल्याचा उंचवटा आहे, वर बांधकाम काही उरलेलं नाही, पण आकार अजून स्पष्ट दिसतो. शेरवुड जंगलाचे वंशपरंपरागत रखवालदार इथले. १६३५ मध्ये मार्क पिअर्स नावाच्या सर्व्हेअरने गावाचा मोठा नकाशा काढला, त्यात दोन हजारांवर पट्टे, नांगरणारे, मेंढ्या, सगळं चितारलंय, नकाशा आता ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटने कायद्यामागून कायदे करून बाकी इंग्लंडची सामायिक शेतं कुंपणात घातली. इथे मात्र काम अर्धवट राहिलं, जमीन मोठ्या जमीनदारांत वाटलेली होती आणि त्यांचं जमलं नाही हे त्याचं एक कारण सांगतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे एकत्र करून मोठे केले, म्हणून आज ते पूर्वीपेक्षा बरेच कमी आहेत, पण पद्धत तीच.

१९५२ मध्ये अर्ल मॅन्व्हर्स या जमीनदाराकडून गाव सरकारच्या कृषी मंत्रालयाने घेतलं, १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजमुकुटाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं आणि २०२० मध्ये थोर्स्बी इस्टेटकडे, म्हणजे फिरून मॅन्व्हर्सच्याच घराण्याशी नातं असलेल्यांकडे. मालक बदलले तरी नोव्हेंबरात खुंट्या ठोकायला ज्युरी निघतेच.