८७ दिवसांचा हिशेब

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. गुलामांना सोडवताना त्या लोकांनी दाखवलेली निरपेक्षता फुल्यांना मोलाची वाटली होती. तिथल्या दास्यविरोधी कार्यकर्त्यांना ‘निरपेक्षता’ हा शब्द शोभतोही. सरकारची गोष्ट मात्र निराळी होती. मार्च १८६१मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेताना अब्राहम लिंकन यांनी स्वच्छ सांगितलं होतं, की जिथे गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावायचा आपला इरादा नाही. बावीस महिन्यांनी त्यांनी हात लावला. मधल्या काळात काय घडलं?

सुरुवात तीन पळालेल्या माणसांपासून झाली. मे १८६१मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम रातोरात होडी वल्हवत व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यावर पोहोचले. दक्षिणेकडची गुलामगिरीवाली राज्यं देशातून फुटली होती आणि लिंकन यांच्या उत्तरेशी त्यांचं यादवी युद्ध सुरू झालं होतं. किल्ला उत्तरेच्या ताब्यात होता. बंडखोर दक्षिणेनं या तिघांना तोफांचा मोर्चा बांधायच्या कामाला जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन दक्षिणेचा अधिकारी हजर: कायद्यानुसार आमचे गुलाम परत द्या. किल्ल्यावरचे जनरल बटलर पेशानं वकील. ते म्हणाले, व्हर्जिनिया देशातून फुटली म्हणता ना, मग या देशाचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? शत्रूची युद्धोपयोगी मालमत्ता जप्त करता येते, तशी ही माणसं मी जप्त केली. माणसाला सोडवायचं तर आधी त्याला माल ठरवायचं, असा हा अजब युक्तिवाद! पण बातमी फुटली आणि दोन महिन्यांत त्या किल्ल्यापाशी सुमारे ९०० जण जमले.

आता आकडे पाहू. दक्षिणेच्या ११ राज्यांत साधारण ९० लाख लोक, त्यांपैकी ३५ लाख गुलाम. पीक ते काढत, खंदक ते खणत, म्हणून गोरे तरुण आघाडीवर जाऊ शकत. रस्सीखेचीत समोरचा एक गडी नुसता दोर सोडून गेला, तर फरक एकाचा पडतो. तोच आपल्या बाजूनं ओढू लागला, तर फरक दोनाचा. हा हिशेब लिंकन यांच्या आधीही लोकांनी मांडला होता. १७७५मध्ये अमेरिकन वसाहती बंडाच्या पवित्र्यात असताना व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर यानं बंडखोरांच्या गुलामांना ‘आमच्याकडून लढा, मुक्त व्हा’ अशी हाक दिली होती. त्याच्या स्वतःच्या पदरी गुलाम होते, ते तसेच राहिले.

मग लिंकन इतके दिवस थांबले का? कारण गुलामगिरी असलेली चार सीमावर्ती राज्यं उत्तरेच्या बाजूला होती: डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसुरी. केंटकी गेलं तर जवळपास सारा डावच गेला, असं लिंकन यांनी लिहून ठेवलंय. एका सेनापतीनं मिसुरीत परस्पर मुक्ती जाहीर केली, तेव्हा त्यांनी ती रद्द करवली. या राज्यांना त्यांनी सौदा सुचवला: भरपाई घ्या, गुलाम सोडा. युद्धाचा रोजचा खर्च २० लाख डॉलर. माणशी ४०० डॉलर धरले तर डेलावेअरचे सगळे १,७९८ गुलाम अर्ध्या दिवसाच्या खर्चातही सुटतात. चारही राज्यं आणि वॉशिंग्टन शहर मिळून ४,३२,६२२ गुलाम. त्यांना ८७ दिवसांचा खर्च पुरतो. एका पत्रात त्यांनी हे गणित मांडलं होतं. माणसांची किंमत अशी लावलेली वाचताना आज अंगावर काटा येतो, पण गणित बिनचूक आहे. राज्यांनी नकार दिला.

१८६२च्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या राजधानीवरची, रिचमंडवरची, उत्तरेची चढाई फसली आणि लिंकन यांचा बेत पक्का झाला. सप्टेंबर १८६२च्या अँटिएटमच्या लढाईनंतर त्यांनी इशारा दिला आणि १ जानेवारी १८६३ला मुक्तीचा जाहीरनामा काढला. तो फक्त बंडखोर भागांना लागू होता. सीमावर्ती राज्यं वगळलेली. जिथे हुकूम चालत नाही तिथेच हुकूम सोडला, अशी त्याची टिंगल झाली. पण शांततेच्या काळात राज्यांतली गुलामगिरी मोडायचा अधिकार अध्यक्षांना नव्हताच. सरसेनापती म्हणून शत्रूचं बळ हिरावून घेण्याचा अधिकार होता, आणि तो शत्रूच्या मुलखापुरताच चालणार. ब्रिटनलाही आता दक्षिणेची उघड बाजू घेणं जड झालं, लँकेशरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडत होत्या तरीही. (त्या टंचाईत मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांची चांदी झाली आणि १८६५ला फुगा फुटला, ते वेगळं प्रकरण.)

जाहीरनाम्यानं काळ्या लोकांना सैन्याची दारं उघडली. सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले. गोऱ्या विरोधकांना लिंकन यांनी सुनावलं, की जीव पणाला लावणाऱ्याला तसंच सबळ कारण हवं, आणि दिलेला शब्द पाळावाच लागतो. हिशेब म्हणून उचललेलं पाऊल असं परत घेता येईनासं झालं.

हेच गणित दक्षिणेतही एकानं मांडलं होतं. जानेवारी १८६४मध्ये जनरल क्लेबर्न यांनी गुलामांना मुक्त करून सैन्यात घ्यावं असं सुचवलं. सरकारनं तो कागद दाबून टाकला. मार्च १८६५मध्ये, गळ्याशी आल्यावर, त्यांना सैन्यात घ्यायचा कायदा झाला. रिचमंडच्या रस्त्यांवर थोड्या लोकांची कवायत सुरू झाली. ३ एप्रिलला शहर पडलं, आणि आत शिरलेल्या पहिल्या फौजांमध्ये उत्तरेच्या निळ्या गणवेशातले काळे शिपाई होते.