सोडवून आणलेला पोपट घरी नेल्यावर: हात लावायची घाई का नको

आमच्याकडून पोपट नेलेल्या घरांतून एक फोन ठरलेला असतो. साधारण दुसऱ्या आठवड्यात येतो. “खातोय, पितोय, सगळं ठीक आहे, पण अजून हातावर येत नाही. काय करू?” थोडं खोदून विचारलं की कळतं, काहीतरी आधीच करून झालेलं आहे. कोणी टॉवेलात धरून डोकं कुरवाळलेलं असतं, कोणी ‘सवय होऊ दे’ म्हणून पिंजऱ्यात पाच-पाच मिनिटं हात घालून बसलेलं असतं. हे पत्रक त्या फोनसाठी आहे. दाणापाणी, साफसफाई, पिंजऱ्याचं माप हे तुम्हाला ठाऊक आहे, ते पुन्हा सांगत नाही.

गप्प झाला म्हणजे माणसाळला असं नाही

जबरदस्तीने धरलेला पोपट आधी ओरडतो, चावतो, पंख आपटतो, आणि मग एकदम गप्प होतो. माणसाला वाटतं, जमलं. नीट बघा. पिसं अंगाला घट्ट चिकटलेली असतात, मान ताठ असते, श्वास भराभर चालू असतो. त्याने फक्त धडपड सोडून दिलेली असते. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं होतं. ज्यातून सुटका नाही असा त्रास भोगलेली बरीचशी कुत्री, पुढे वाट मोकळी असतानाही जागची हलेनात. आमच्याकडे येणारे पोपट हा धडा एकदा शिकूनच आलेले असतात. तो पुसायला आम्हाला महिने लागतात आणि पुन्हा गिरवायला एक दुपार पुरते.

हाताचंच एवढं भय का, तेही सांगतो. पोपट हा शिकार होणारा पक्षी आहे. वरून झपकन आलेली वस्तू म्हणजे ससाणा, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. त्यात करड्या आफ्रिकन पोपटांची गोष्ट आणखी वेगळी आहे. रानातून पकडून त्यांचा देशोदेशी व्यापार चालायचा. २०१६ साली ‘साइटीस’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी त्यांना पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत टाकलं आणि २०१७ पासून रानातल्या पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आली. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षं सहज जगतो. तेव्हा तुमच्या घरातल्या वयस्कर करड्या पोपटाला माणसाचा पहिला हात जाळ्यातच भेटलेला असणं अगदी शक्य आहे.

टॉवेलाबद्दल एक धोका वेगळा. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आतबाहेर होते. छातीभोवती आवळून धरलेला पोपट गुदमरतो, आणि कित्येकदा ते धरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. औषधपाण्यासाठी धरावंच लागलं तर डोकं सांभाळायचं, छाती मोकळी ठेवायची. हे आम्ही प्रत्यक्ष करून दाखवतो, वाचून करू नका.

‘न सांगता चावतो’

असं सांगत जे येतात, त्यांच्या पोपटाने बहुतेक वेळा सांगितलेलं असतं. आधी तो खाता खाता थांबतो. मग अंग मागे झुकवतो, मानेवरची पिसं उभारतो, शेपूट पसरतो, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या करू लागतो. एवढं सगळं होऊनही हात पुढे येतच राहिला, की त्याचा हिशेब साधा असतो: इशारे करून उपयोग नाही, चोच लावली की हात जातो. मग इशारे गळून पडतात आणि उरतो तो थेट चावा. ‘चावला तरी हात मागे घ्यायचा नाही’ हा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. आम्हाला तो अजिबात मान्य नाही. हात पहिल्या इशाऱ्यालाच मागे घ्या. त्याने पोपट शेफारत नाही. आपलं ऐकलं जातं हे त्याला कळतं, आणि विश्वास तिथूनच सुरू होतो.

मग करायचं काय

पहिल्या दिवशी खुर्ची अशा अंतरावर ठेवा, की तुम्ही बसलेले असताना तो खात राहील. आमचं एकच माप आहे: खाणं थांबलं की तुम्ही फार जवळ आहात. तोंड समोर करून टक लावू नका, जरा तिरके बसा, काहीतरी हळू आवाजात वाचा. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असू द्या, म्हणजे त्याला चहूकडे पहारा करावा लागत नाही. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता मिळायलाच हवी, झोप अपुरी राहिलेला पोपट दिवसभर चिडचिडा असतो. खुर्ची आठवड्यातून वीतभर पुढे सरकली तरी पुष्कळ झालं.

त्याला जीव की प्राण असलेला दाणा रोजच्या वाटीतून काढून घ्या, मग तो सूर्यफुलाचा असो की अक्रोडाचा तुकडा. तो फक्त तुमच्याकडूनच मिळाला पाहिजे. पिंजऱ्याजवळून जाताना वाटीत टाका आणि निघून जा. थांबू नका. घाबरलेल्या पक्ष्याला तुमचं निघून जाणं हेसुद्धा बक्षीसच वाटतं. मात्र ‘भूक लागली की येईल हातावर’ म्हणून उपाशी ठेवू नका. रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. वजन एक दशांशाने उतरलं तर शिकवणी बंद आणि त्याच दिवशी पक्ष्यांचे डॉक्टर.

तुम्ही जवळ असताना तो निवांत खाऊ लागला, पिसं साफ करू लागला, एक पाय पोटाशी घेऊन बसू लागला, की मग टार्गेट काडी, म्हणजे चोच लावायला शिकवायची काडी, काढायची. गजांमधून काडीचं टोक दाखवा, त्याने चोच लावली की दाणा द्या. तीन-चार मिनिटं, दिवसातून दोनदा. तो कंटाळायच्या आत थांबा. या काडीच्या मागे मागे तो दांडीवरून दांडीवर जातो, पिंजऱ्याबाहेर येतो, शेवटी तुमच्या मनगटावरही येतो, आणि यात कुठेही कोणी त्याला धरलेलं नसतं.

किती दिवस लागतील? कॉकटील जातीचे काही छोटे पोपट तीन आठवड्यांत खांद्यावर बसले, काही मोठ्या पोपटांना वर्ष लागलं. एक काकाकुवा आमच्याकडे पाच महिन्यांनी हातातून अक्रोड घेऊ लागला होता. नव्या घरी गेला आणि अठराव्या दिवशी परत आला. पाहुण्यांना दाखवायला म्हणून त्याला धरलं होतं. त्या घरच्यांनी मायेनेच केलं, त्यांना आम्ही बोल लावत नाही. पण त्यानंतर आमच्या देखत नुसतं खायला त्याला सात आठवडे लागले.

पिसं उपटणाऱ्यांबद्दल थोडक्यात. आधी डॉक्टर, मग आम्ही. त्वचेचा संसर्ग, यकृताचा विकार, नुसत्या बियांवर वाढल्यामुळे पडलेली अ जीवनसत्त्वाची कमतरता, यांतलं काही असेल तर शिकवणीने काही होणार नाही. पिसाचं मूळच दुखावलं असेल तर तिथे पुन्हा पीस येत नाही, म्हणून ‘पिसं येतील’ असं वचन आम्ही कोणाला देत नाही.

आमच्या अटींविषयी

पोपट घरी देण्याआधी तीन भेटी का, अशी तक्रार असते. त्या भेटी तुमच्या परीक्षेसाठी नाहीत. अनोळखी घर, अनोळखी माणसं, अनोळखी आवाज हे सगळं एका दिवशी त्याच्यावर कोसळू नये म्हणून त्या आहेत. किमान तुमचा आवाज तरी ओळखीचा असावा. ‘सात दिवसांत हातावर’ असं आम्ही करून देत नाही, कारण ते कसं केलं जातं हे वर लिहिलं आहे. पंखही कापून देत नाही. ज्याला उडून दूर जाता येत नाही, त्याच्याकडे चावण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

पोपटाबरोबर टार्गेट काडी, ग्रॅममध्ये मोजणारा काटा आणि वजनाची वही आम्ही देतोच. पहिल्या महिन्यात एकदा घरी येऊन खुर्ची कुठे ठेवायची तेही बघून जातो. गावाला जाणार असाल तर पोपट आमच्याकडे ठेवा. तुमचेच शब्द, तुमचीच काडी वापरतो, म्हणजे परत गेल्यावर धडा तुटत नाही. पोपट दुसरीकडून आणला असला तरी मार्गदर्शनासाठी वेळ घेऊन या.

फोन करण्याआधी दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, त्यात तुमचा हात नको, नुसता पोपट हवा. आजचं आणि गेल्या आठवड्यातलं वजन लिहा. तुम्ही किती पावलांवर आलात की खाणं थांबतं, ते लिहा. आणि मधल्या काळात कोणी त्याला धरलं असेल तर मोकळेपणाने सांगा, आम्ही रागावत नाही. फक्त तसं झालं असेल तर खुर्ची पुन्हा दारापासून मांडायला लागेल.