पट्टा बांधून व्यायाम: दंड आधी मोजले, बीपी नंतर

दंडाला नाहीतर मांडीला अगदी वरच्या बाजूला पट्टा आवळायचा, एरवी जेवढं झेपतं त्याच्या पाव-तिहाई वजन घ्यायचं आणि रेप्स (एकामागून एक उचल) मारत सुटायचं, हा प्रकार आता संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या जिमला नवा राहिला नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं रील बघून बांधायलेत, आणि कबड्डीत गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्याकडून फिजिओ पण हेच करून घेतो, फक्त दोघांच्या पट्ट्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, ते पुढं येतंच. स्नायू कसे फुगतात यावर बोलून बोलून झालंय, ते परत उगाळत नाही. हृदयाचं आणि रक्तवाहिन्यांचं काय होतं हा प्रश्न मात्र या सगळ्या इतिहासात लई उशिरा विचारला गेला.

जुना भाग थोडक्यात. हातपाय आवळून रक्त थांबवणं हे सर्जन लोकांचं जुनं काम, हवा भरायचा कफ (बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात तसला पट्टा) त्यासाठी १९०४ च्या सुमारास आला. व्यायामासाठी पट्टा ही जपानमधल्या एका तरुणाची कल्पना. १९६६ मध्ये एका धार्मिक कार्यक्रमात बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर त्याच्या पोटऱ्या भरून आल्या, आणि जड व्यायाम केल्यावर असंच वाटतं की, असं त्याच्या डोक्यात आलं. १९७३ ला स्कीइंग करताना घोटा मोडला तेव्हा प्लास्टरमध्ये त्यानं स्वतःवरच प्रयोग केला, १९८३ पासून लोकांना शिकवायला लागला, नव्वदच्या दशकात पेटंट वगैरे झालं.

याच्याही आधी, १९३७ साली, एक साधा प्रयोग झाला होता. माणसाला व्यायाम करायला लावायचा आणि तो थांबायच्या वेळी त्याच हाताचं किंवा पायाचं रक्त कफनं अडवायचं. व्यायाम थांबला तरी बीपी खाली येईना, कफ सोडला की उतरलं. म्हणजे स्नायूत साचलेला मळ (लॅक्टेट, आम्ल आणि बाकीचं) तिथल्या नसांना डिवचतो, त्या मेंदूला कळवतात आणि मेंदू आपोआप बीपी चढवतो, हा झाला रिफ्लेक्स. पट्ट्याच्या व्यायामात हृदयाचं जे काही होतं त्याचं मूळ इथं आहे, पण पट्टेवाल्यांनी हा धागा पुढची कित्येक वर्षं हातात घेतला नाही.

कारण २००० साल उजाडलं आणि हार्मोनचा गाजावाजा सुरू झाला. पट्टा बांधून हलक्या वजनाचा व्यायाम केल्यावर ग्रोथ हार्मोन बसल्या जागेच्या तुलनेत सुमारे २९० पट चढलं असा निष्कर्ष आला, तोही सहा तरुण खेळाडूंवरून. आजही जिममधला ट्रेनर हाच आकडा तोंडावर फेकतो. ही उसळी थोड्या वेळात ओसरते आणि दंडाच्या घेराशी तिचा फारसा संबंध नाही, हे नंतर समोर आलं, तोवर आकडा गावोगाव पोचला होता.

हृदयाकडं लोक वळले ते साधारण २००५ नंतर. पट्टा मापात असेल तर धमनीतून रक्त थोडं का होईना आत येत राहतं, पण शिरेतून परत जायची वाट जवळपास बंद होते; पाट चालू आणि निचरा बंद असला की वावराचं जे होतं तेच. हृदयाकडं परतणारं रक्त कमी झालं की एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्तही कमी होतं, मग ती कसर भरून काढायला ठोके वाढतात, आणि त्यात वरून १९३७ वाला रिफ्लेक्स बीपी वर ढकलतो. त्यामुळं तेवढंच हलकं वजन बिनपट्ट्याचं उचललं असतं त्यापेक्षा बीपी आणि नाडी दोन्ही जास्त चढतात. नुसतं पट्टे बांधून चालायला लावलं तरी हृदयावरचा भार वाढतो, आणि गुडघ्यामागच्या धमनीची सैल होण्याची क्षमता काही वेळ कमी होते, असं २०१० च्या एका अभ्यासात दिसलं.

आता समोरची बाजू पण सांगितली पाहिजे. जड वजन म्हणजे काही हृदयाला आराम नव्हे. १९८५ मध्ये बॉडीबिल्डरांच्या धमनीत थेट नळी घालून दोन्ही पायांचा लेग प्रेस करताना बीपी मोजलं तर सरासरी ३२०/२५० निघालं, एकाचं तर ४८०/३५० च्या वर. श्वास कोंडून कुंथल्याचाही त्यात वाटा होता. त्या मानानं पट्ट्याचा व्यायाम बहुतेक वेळा खालीच राहतो. म्हणून 'कशाच्या तुलनेत' हे न सांगता कुणी पट्ट्याला सुरक्षित किंवा धोकादायक म्हणलं की समजायचं, त्याला वाद घालायचाय.

गुठळीची भीती सगळ्यात जास्त, त्यावर २००६ मध्ये जपानमधली पाहणी छापून आली. जवळपास १३ हजार लोक, कातडीखाली रक्त साकळणं १३.१ टक्के, हातपाय बधिर होणं १.३ टक्के, शिरेत गुठळी ०.०५५ टक्के, फुप्फुसात गुठळी ०.००८ टक्के. नंतर निरोगी लोकांच्या रक्ताची तपासणी झाली त्यातही गोठण्याची खूण वाढलेली दिसली नाही. आकडे दिलासा देणारे आहेत, फक्त ती माहिती शिकलेल्या प्रशिक्षकांच्या ठिकाणची होती हे सांगायचं लोक सोयीनं विसरतात. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत, पत्र्याच्या शेडमध्ये, पाणी न पिता सायकलची ट्यूब दंडाला गुंडाळणारं पोरगं त्या १३ हजारांत नव्हतं.

आणि आता ते जिथं घोडं अडलं ते, म्हणजे पट्टा किती आवळायचा. सुरुवातीच्या बऱ्याच प्रयोगांत सगळ्यांना एकच आकडा असायचा, १६० नाहीतर २०० मिमी, पारा बघायचा आणि भरायचा. बारीक मांडी आणि पैलवानाची मांडी दोन्हीला तेवढाच. पण रक्त पूर्ण थांबायला लागणारा दाब मांडीच्या घेरावर, त्या माणसाच्या बीपीवर आणि सगळ्यात जास्त पट्ट्याच्या रुंदीवर ठरतो. २०१२ मध्ये त्याच लोकांवर दोन पट्टे लावून बघितले, ५ सेंमीच्या अरुंद पट्ट्याला मांडीचं रक्त थांबवायला सरासरी २३५ च्या आसपास दाब लागला, १३.५ सेंमीच्या रुंदला १४४ च्या आसपास. म्हणजे एकाच्या प्रयोगातला २०० आकडा अरुंद पट्ट्यावर अर्धवट अडवणूक असतो आणि तोच आकडा रुंद पट्ट्यावर धमनी पूर्ण बंद. हृदयावरचा परिणाम यातल्या कुठल्या अवस्थेचा मोजलाय हे न बघता दहा-पंधरा वर्षांचे पेपर एकत्र करून सरासऱ्या काढल्या गेल्या, बीपी कुणाकडं थोडं चढलेलं, कुणाकडं भरमसाट, आणि मग भांडणं. माझ्या मते यातली निम्मी भांडणं हृदयाची नव्हतीच, पट्ट्याची होती. बीपी मोजायचा कफ अरुंद असला की आकडा खोटा चढा येतो हे १९०१ पासून माहीत होतं की! तालुक्याच्या दवाखान्यातली सिस्टर सुद्धा जाड दंडाला मोठा कफ लावते.

तोडगा असा निघाला की आधी डॉप्लरनं (वाहतं रक्त टिपणाऱ्या यंत्रानं) त्या माणसाच्या त्या हाताचा किंवा पायाचा रक्त थांबायचा दाब काढायचा आणि त्याचे काही टक्के भरायचे. २०१९ मध्ये बऱ्याच संशोधकांनी मिळून जी भूमिका मांडली त्यात ४० ते ८० टक्के दाब, जास्तीत जास्त झेपतं त्याच्या २० ते ४० टक्के वजन आणि चार सेटमध्ये ३०-१५-१५-१५ असे रेप्स आले. हे सगळ्यांनी निमूट मान्य केलं असं नाही. जपानी पठडीवाले म्हणतात आमचा लवचिक पट्टा धमनी बंद करायला बनवलेलाच नाही, त्याला ही टक्केवारी कशाला. दुसरे म्हणतात झोपवून काढलेला दाब उभं राहिल्यावर बदलतो. दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, तरी सगळ्यांना एकच आकडा यापेक्षा ही पद्धत कितीतरी बरी. आणि दाब मोजायची सोय नसलेली इलास्टिकची पट्टी, 'दहापैकी सात घट्ट' असा अंदाज, यात ना ती पद्धत बसते ना ही.

मधल्या काळात, २०१५ ला, एक लेख आला ज्यात सरळ धोक्याची घंटा वाजवली होती. बीपीवाले, हृदय कमजोर झालेले, पायाच्या धमन्या चोंदलेले, यांच्यात तो रिफ्लेक्स आधीच भडक असतो, त्यात पट्टा म्हणजे आगीत तेल, असा सूर. लगेच उत्तरं-प्रत्युत्तरं झाली, काहींना तो अतिशयोक्त वाटला. पण त्या लेखानंतर बीपी न मोजता प्रयोग छापणं अवघड झालं, हा फायदा मानलाच पाहिजे.

त्यातूनच विश्रांतीचा मुद्दा पुढं आला. दोन सेटमध्ये पट्टा फुगलेलाच ठेवला तर साचलेलं साचून राहतं आणि बीपी नीट उतरत नाही, सैल केला तर उतरायला वाव मिळतो. म्हणून वय झालेल्यांत आणि गोळ्या चालू असलेल्यांत मधे सोडायची पद्धत धरणारे वाढलेत. कुणाला बांधायचाच नाही ही यादी पण तेव्हापासून लांबत गेली: आधी गुठळी होऊन गेलेले, गरोदर बाया, बीपी आटोक्यात नसलेले, आणि सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) असलेले. हे शेवटचं नाव इकडं किनवट-माहूरच्या भागात तरी फिजिओनं पट्टा बांधायच्या आधी विचारायला पाहिजे, कारण फॉर्मवर तो रकाना बहुतेक ठिकाणी नसतोच.