घोडा नाचत नव्हता

गेल्या लग्नसराईत एका वरातीत घोडा पाहिला. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, मागचे पोटाखाली ओढून घेतलेले आणि दर काही सेकंदांनी भार या पायावरून त्या पायावर. वऱ्हाडी खूश. "डीजेवर ठेका धरलाय बघा!" मला मात्र तो खुरांच्या ठणक्याने बेजार झालेला वाटला. पुढच्या खुरांवरचा भार मागे ढकलायची ही धडपड लॅमिनायटिसची, म्हणजे खुरातले पापुद्रे दुखावण्याच्या आजाराची, ठळक खूण आहे.

मुळात घोडा तळव्यावर उभा नसतो, नखावर असतो. प्रत्येक पायाला मधलं एकच बोट उरलेलं आणि खूर म्हणजे त्याचं नख. आतलं हाड खुरात पेल्यात ठेवल्यासारखं टेकलेलंही नसतं. ते खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. चार-पाचशे किलोचा प्राणी चार नखांना लटकलेला!

कशाने लटकलेला? पापुद्र्यांनी. शाळेत दोन वह्यांची पानं एकाआड एक गुंफून ओढली असतील तर आठवेल, काही केल्या सुटत नाहीत. खुराच्या भिंतीला आतून ५५० ते ६०० उभे पापुद्रे असतात आणि हाडावरच्या कातडीचे पापुद्रे त्यांच्या खाचांत बसतात. प्रत्येक पापुद्र्याला पुन्हा १५० ते २०० बारीक उपपापुद्रे. एका खुरातली ही सगळी घडी उलगडली तर सुमारे ०.८ चौरस मीटर भरेल. दोन्ही बाजूंच्या मध्ये आधारपटल नावाचा अतिपातळ पडदा असतो. नखाकडच्या पेशी हेमिडेस्मोसोम नावाच्या सूक्ष्म टाचण्यांनी त्याला धरून असतात आणि पलीकडून कोलॅजेनचे धागे त्याला हाडाशी बांधतात. त्यात भिंत दर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर खाली सरकते, हाड मात्र जागेवरच. म्हणजे पकड न सुटता सरकायला हवी! लॅमिनायटिसमध्ये या पेशी ताणल्या जातात, टाचण्या निसटतात. वरून वजन दाबतं, मागून जाड कंडरा हाडाला ओढते आणि हाडाचं टोक तळव्याकडे कलतं.

कारणं एकाहून जास्त आहेत. घोड्याने चंदीचं पोतं फोडून फस्त केलं की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबतो आणि तिथून सुटलेली विषं रक्तात शिरतात. दुसरं कारण इन्सुलिन. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धडधाकट तट्टांच्या रक्तात इन्सुलिनची पातळी सतत चढती ठेवली. ७२ तासांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. लठ्ठ घोड्यातही इन्सुलिन असंच चढलेलं असू शकतं, त्याला 'खातापिता' म्हणून मिरवणाऱ्यांनी हे वाचावं. तिसरं कारण बार्बारोचं. २००६चा केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नामांकित शर्यत जिंकलेल्या या घोड्याचा उजवा मागचा पाय दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत मोडला. हाड जुळून येत होतं, पण सगळा भार पेलणाऱ्या डाव्या खुराला लॅमिनायटिसने गाठलं. खुरात रक्त नीट खेळायला पाय उचल-टेक व्हावा लागतो. जानेवारी २००७मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं.

ओळखायचं कसं? घोडा कडक जमिनीवर चालायला कुरकुरतो, वळताना तर जास्तच. खुराला हात लावला तर गरम लागतो. खुराच्या वरच्या सांध्यामागे बोट ठेवलं तर एरवी जेमतेम लागणारी नाडी ठणठण उडते. जुन्या दुखण्यात खुरावर टाचेकडे रुंद होत गेलेली वलयं दिसतात. अशा वेळी डाग देणं, बिब्बा घालणं म्हणजे दुखऱ्या जनावराला आणखी एक दुखणं. डॉक्टर येईपर्यंत चंदी बंद, मऊ जमीन आणि बर्फाच्या पाण्यात खूर. बाकी काळ्या घोड्याची नाल चौकटीला ठोकून शनी टळतो म्हणे. तिच्यामुळे त्या घोड्याचाही लॅमिनायटिस टळलेला नाही.

लॅमिनायटिस गायीलाही होतो, पण तिचं दुखणं जास्त छुपं. भरडा-पेंड वाढली, चारा घटला की कोटीपोटात (गायीच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात) आम्ल वाढतं. शिवाय विताना खुरातले बंध सैल पडतात आणि गोठ्यात सिमेंटची जमीन. गाय पाठ कमानीसारखी करून चालते, बसली की लवकर उठत नाही, दूध कमी होतं आणि मालक कासदाह शोधत बसतो. खुराचं शिंगासारखं कठीण कवच महिन्याला सुमारे ५ मिलिमीटर वाढतं. त्यामुळे खूर छाटताना तळव्यात गुलाबी-लाल डाग दिसला तर तो आजचा नव्हे. दोन-तीन महिन्यांपूर्वी, बहुधा गाय व्याली तेव्हा, आत साकळलेलं ते रक्त आता वर येतंय.