सामना आणि प्रयोग: दिसायला सारखे, छापायला वेगळे

क्रीडा पानाच्या कोपऱ्यात बारीक टायपात धावफलक असतो आणि आतल्या पानावर तितक्याच बारीक टायपात नाटकांचे चौकोन: शिवाजी मंदिर, दु. ४, गडकरी रंगायतन, रात्री ८.३०. दोन्हीकडे नावं, दोन्हीकडे आकडे. पण धावफलक वर्तमानपत्र आपणहून छापतं. नाटकाचा चौकोन ही जाहिरात आहे, निर्मात्याने जागेचे पैसे मोजून घेतलेली. रणजीचा सामना रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला तरी दुसऱ्या दिवशी धावफलक येतो. नाटकाबाहेर हाउसफुल्लचा बोर्ड लागला तरी सकाळी त्याची ओळसुद्धा नसते. खेळाला जागा मिळते आणि कलेला नाही, असं का?

‘लोकांना कलेत रसच नाही’ हे उत्तर निदान पुण्यात तरी कुणी देऊ नये. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला डिसेंबरच्या थंडीत शाली गुंडाळून माणसं तासन्‌तास बसतात. गंमत म्हणजे अलीकडे तो भरतो मुकुंदनगरच्या एका क्रीडा संकुलातच.

मला वाटतं, घोळ आहे तो नाटक आणि प्रयोग या दोन शब्दांत. वाचक ते सरसकट एकाच अर्थाने वापरतात, बातमीदारही. शुभारंभ झाला, परीक्षण छापून आलं, की वर्तमानपत्राच्या डेस्कच्या लेखी ते नाटक ‘झालं’. नाटकवाल्यांना विचारा. काल डोंबिवलीत रंगलेला प्रयोग आज त्याच संचात साफ पडू शकतो. एखादा हशा यायचा तिथे येत नाही, विंगेत सगळे एकमेकांकडे बघतात आणि पुढचा अंक नुसता ढकलावा लागतो. म्हणजे प्रत्येक प्रयोग हा एक सामनाच असतो. पण त्यात कोण किती धावांनी हरलं हे कुणी सांगायचं?

रात्री अकराला पान छपाईला सोडायची घाई चाललेली असताना हा प्रश्न भलताच व्यावहारिक होतो. दिवसरात्र सामना लांबला तर त्याच्यासाठी जागा राखून ठेवतात. निम्मी बातमी आधीच लिहून तयार असते, निकाल आला की मथळा बसवायचा. साडेआठचा प्रयोगही त्याच सुमाराला संपतो. तो कसा झाला हे कळायला मात्र पूर्ण वेळ बसलेला, त्यातलं कळणारा माणूस लागतो. वर त्याचं मत चुकलं असं म्हणायला दहा जण तयार. धावफलकाशी कोण भांडणार?

म्हणूनच कला पहिल्या पानावर येते ती बहुधा खेळाचे कपडे घालून. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रशांत दामले यांचा कारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग झाला, त्याची बातमी सगळीकडे होती. विक्रम म्हटलं की डेस्कला लगेच कळतं. पुरुषोत्तम करंडकाचंही तसंच. महाविद्यालयांच्या एकांकिका, भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा’च्या आरोळ्या, शेवटी निकाल. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा जेवढा गाजावाजा झाला तेवढा मला तरी एखाद्या करंडक मिळवलेल्या एकांकिकेचा आठवत नाही. दुसरा हमखास मार्ग वादाचा. १९७२ साली आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’च्या बातम्यांत १९८० च्या युरोप दौऱ्याला झालेला विरोध आहे, रंगमंचावर नाना-घाशीरामांच्या मागे नटांनी उभी केलेली ती डुलणारी माणसांची भिंत मात्र क्वचितच. वादातही दोन बाजू असतात आणि कोण जिंकलं ते सांगता येतं.

पैसा आहेच. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. एवढे पैसे ओतणाऱ्या कंपन्या दिवसरात्र आयपीएलचाच गजर करणार.

पण पैसा हे सगळं उत्तर नव्हे, आणि इथे ‘खेळ’ म्हणजे बव्हंशी क्रिकेट हेही कबूल करायला हवं. मल्लखांबाला निकाल असतो, गुण असतात, आणि जागा नाटकापेक्षाही कमी. कबड्डीचे दिवस पालटले ते २०१४ मध्ये प्रो कबड्डी आल्यावर, तीस सेकंदांची चढाई आणि पडद्यावर उलटे पळणारे आकडे घेऊन.

नाटकवाल्यांना आकड्यांचं हे गणित फार आधी कळलेलं असावं. पुढच्या रविवारी जाहिरातीचा तो चौकोन नीट बघा. प्रयोग क्रमांक पुष्कळदा लेखकाच्या नावापेक्षा मोठ्या टायपात असतो.